हलवर्णच्या छावणीतलं गवत



आज इतिहासातली गोष्ट सांगायची आहे, पण सुरुवात तांदळाच्या पोत्यापासून करावी लागेल. आमच्या गटाकडे शाळेतली खिचडी शिजवायचं काम आलं, त्या पहिल्या वर्षीची ही गोष्ट. गाडी यायची दिवस मावळताना. पोती उतरवायची घाई, अंधार पडत आलेला, आणि गाडीवाला म्हणायचा, "बाई, सही करा न लवकर, अजून तीन गावं राह्यली." आम्ही सही करायचो. पोत्यावर 50 किलो छापलेलं असायचं, मग मोजायचं कशाला?

महिना संपायच्या आत तांदूळ संपू लागला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. मग एकीनं किराणा दुकानातून काटा आणला आणि कोठीत महिनाभर पडून असलेलं शिवलेलं पोतं त्यावर चढवलं. ते 46 किलो भरलं. त्यानंतर जे भांडण झालं ते गाडीवाल्याशी झालंच नाही, ते आमचं आमच्यातच झालं. जिच्याकडे कोठीची किल्ली होती तिच्याकडे सगळ्यांचे डोळे वळले. ती काही बोलली नाही. किल्ली चुलीजवळच्या कट्ट्यावर ठेवून घरी गेली आणि दोन महिने कामावर आली नाही. चार किलो कुठं गेले? गोदामात, गाडीत, उंदरांच्या पोटात, की आमच्यातल्याच कोणाच्या पिशवीत? ते आम्हाला आजवर कळलं नाही, आणि कळणारही नव्हतं. घेतानाच मोजलं नव्हतं.

त्या दिवसांत आमच्यातल्या शिकलेल्या दोघी-तिघींनी जुनी पुस्तकं उघडली. शाळेच्या कोठीचं आपलं हे असं होतं, तर हजारो माणसं आणि हजारो घोडे घेऊन लढाईला निघणाऱ्या राजानं धान्य-वैरणीवर नजर कशी ठेवली असेल, हा प्रश्न आम्हाला पडला. तलवारीच्या गोष्टी आपण पुष्कळ ऐकल्या. तलवारवाल्याच्या भाकरीची गोष्ट फार कोणी सांगत नाही.

त्यासाठी जरा कोकणात जाऊ. आपल्याकडे सुगी झाली की ज्वारीचा कडबा गंजी लावून ठेवता येतो, तुरीचं कुटार असतं, ढोर काही ना काही चघळत राहतं. कोकणात पाऊस एकदा लागला की चार महिने तोंड उघडायची सोय नसते. नदीनाल्यांना पूर, वाटा बंद, कोरडं गवत कुठंच मिळत नाही. उन्हाळ्यात जे साठवलं त्यावरच पावसाळा काढायचा. शिवाजी महाराजांचं घोडदळ एका वर्षी चिपळूणच्या बाजूला छावणीला होतं, हलवर्ण नावाच्या गावी. राज्याभिषेक 1674 च्या जूनमधला. हे त्याच सुमाराचं. वैशाख चालू होता. पावसाळ्यासाठी दाभोळच्या सुभ्यात जमवून ठेवलेला दाणागोटा लष्कराच्या मुक्कामानं आधीच बराचसा संपला होता. तेव्हा महाराजांनी गडागडावरून होतं नव्हतं ते धान्य काढून कशीबशी पागेची बेगमी केली, आणि छावणीतल्या जुमलेदारांना, हवालदारांना आणि कारकुनांना एक लांबलचक पत्र लिहिलं.

हे पत्र आजही उपलब्ध आहे. आम्ही ते गटाच्या बैठकीत मोठ्यानं वाचलं. जुनी भाषा, निम्मे शब्द अडले, तरी अर्थ सगळ्यांना लागला. कारण त्यात जे आहे ते घर चालवणाऱ्या बाईला सांगावं लागत नाही.

महाराज म्हणतात ते आमच्या शब्दांत असं. आता साठा आहे म्हणून तुम्ही मनाला येईल तेवढा दाणा मागाल, मस्तीत येऊन घोड्यांना चाराल. संपला की भर पावसात काही मिळणार नाही. घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असं होईल. मग तुमची माणसं गावात शिरतील. कोणी कुणब्याच्या घरचे दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी जळण, कोणी भाजीपाला. जे कुणबी कसाबसा जीव धरून घरात राहिले आहेत तेही गाव सोडून जातील, काही उपासानं मरतील. आणि त्यांना वाटेल की मुलखात मोगल आले होते त्यांच्यापेक्षा हे वाईट.

मैत्रिणींनो, इथं आम्ही थांबलो होतो. राजा आपल्याच फौजेला सांगतोय की तुम्ही उधळपट्टी केलीत तर तुम्ही शत्रूपेक्षा वाईट ठराल. आणि बघा, उधळपट्टी सुरू होते कोठारात आणि तिची किंमत मोजली जाते कुणब्याच्या चुलीजवळ. शिपायानं जास्तीचा दाणा मागितला, कारकुनानं भिडेखातर दिला, एवढीच साधी गोष्ट. पण त्याच्या टोकाला एका बाईच्या टोपलीतली भाकर आहे. तिची आणि त्या कारकुनाची कधी भेटही होणार नाही.

पुढं पत्रात उपाय आहेत, आणि ते अगदी व्यवहाराचे आहेत. तुमचा पगार खजिन्यातून तुमच्या पदरात पडला आहे, म्हणून दाणा, गवत, जळण, भाजी, काय हवं ते बाजारात जाऊन विकत घ्या. कोणावर जुलूम करू नका, कोणाशी कलागत करू नका. पागेचा जो साठा केला आहे तो पावसाळाभर पुरला पाहिजे, म्हणून कारकून बेतानं जेवढा देतील तेवढाच घ्या. त्यांच्याशी हुज्जत घालू नका, अमुकच द्या, तमुकच द्या म्हणू नका, आणि दांडगाईनं कोठीत शिरून लुटू तर नकाच. रोज थोडं थोडं खाऊन घोडी हळूहळू तगडी व्हावीत, मध्ये उपास पडू नये, हा बेत. आपण महिन्याचं तेल सणाच्या दिवशी एकदम ओतत नाही, तसंच हे.

यात एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. पगार आधी, ताकीद नंतर. शिपायाच्या हातात पैसा नसता तर बाजारात जा म्हणून सांगण्याला काही अर्थ नव्हता. पोट रिकामं ठेवून कोणाला प्रामाणिक राहायला सांगणं सोपं असतं, आणि ते सांगणाऱ्यांची कमी तेव्हाही नसेल. महाराजांनी तसं केलं नाही. आमच्यातल्या एका आजीनं हे ऐकून विचारलं, "आपलं मानधन कधी येते?" सगळ्या हसल्या, पण प्रश्न बरोबर होता.

पत्राचा शेवटचा मोठा भाग आगीबद्दल आहे. घोड्यांचे खण गवतालाकडाचे, शेजारी गवताच्या गंज्या, उन्हाळ्याचा वारा. कोणी शेकोटी करील, कोणी भलत्याच जागी चूल मांडील, कोणी तंबाखूसाठी विस्तव नेईल, आणि एका खणाला लागली की सगळे खण जातील. रात्री दिवा तेवत ठेवला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल, हेसुद्धा लिहिलं आहे. उंदीर! स्वराज्याचा राजा आपल्या सरदारांना दिव्याच्या वातीबद्दल आणि उंदराबद्दल लिहितोय. आणि नंतर कोणाच्या माना मारल्या तरी खण उभा करायला एक लाकूड मिळणार नाही, म्हणजे घडल्यावर शिक्षा करून गवत परत येत नाही, हेही त्यात आहे. म्हणून मोठमोठ्या अधिकाऱ्यांनी स्वतः फिरून रोजच्या रोज बघायचं. ज्याच्याकडून चूक होईल त्याची इज्जत राहणार नाही, ही ताकीद सगळ्यात शेवटी येते.

आता, नासाडी वेगळी आणि लबाडी वेगळी. गवत जास्त चारणारा शिपाई चोर नसतो, बेपर्वा असतो. पण सामान पुरवणाऱ्यानंच ते अडवून धरलं तर? त्याचीही गोष्ट आहे.

मुरूडजवळच्या समुद्रात जंजिरा हा सिद्दीचा किल्ला. तो काही केल्या हाती येईना, म्हणून महाराजांनी त्याच्याच समोर समुद्रात पद्मदुर्ग बांधायला घेतला. सिद्दी ते काम होऊ देणार नव्हता, म्हणून दौलतखान आणि दर्यासारंग यांचं आरमार तिथं पाठवायचं होतं. आरमाराला पैसा आणि धान्य द्यायचा हुकूम गेला प्रभावळीच्या सुभेदाराला. त्याचं नाव जिवाजी विनायक. त्यानं दिलं नाही. आरमार वेळेवर निघालं नाही, आणि तिकडं पद्मदुर्गावरची माणसं सिद्दीच्या तोंडी.

जानेवारी 1675 मध्ये महाराजांनी त्याला लिहिलेलं पत्र वाचताना आजही अंगावर काटा येतो. सिद्दीनं काही देऊन तुम्हाला आपलं चाकर केलं असेल, म्हणून तुमची बुद्धी अशी झाली, असं त्यात स्पष्ट विचारलं आहे. अशा चाकराला ठिकाणावर आणलं पाहिजे, आणि तुम्ही ब्राह्मण आहात म्हणून कोणी मुलाहिजा करील असं समजू नका, हेही बजावलं आहे. धान्य वेळेवर न पाठवणं म्हणजे शत्रूची चाकरी, असा सरळ हिशेब. जिवाजीनं खरंच लाच खाल्ली होती का, त्यावर आम्ही निकाल देणार नाही. पण लढाईत पुरवठा अडवणाऱ्याला 'कामात थोडा उशीर झाला' ही सबब मिळू द्यायची नाही, हे राजानं ठरवलं होतं.

आणि पुढच्याच वर्षी, सप्टेंबर 1676 मध्ये, त्याच प्रभावळीच्या रामाजी अनंत नावाच्या सुभेदाराला गेलेलं पत्र आहे. भाजीच्या देठाची जी गोष्ट आपण भाषणांत ऐकतो ती या पत्रातली. बऱ्याच जणांना वाटतं की ती लुटारू शिपायांना दिलेली ताकीद आहे. तसं नाही. ती सुभेदाराला आहे, म्हणजे खुर्चीवर बसून सही करणाऱ्या माणसाला. चोरी करणार नाही, इमानानं काम करीन, अशी शपथ त्यानं घेतली होती, तिची आठवण करून देऊन महाराज म्हणतात की भाजीच्या एका देठाचीसुद्धा हाव धरू नका. त्याच पत्रात गावोगाव फिरून कुणब्यांना गोळा करा, ज्याच्याकडे बैल नाही त्याला बैलासाठी पैसे द्या, खायला धान्य द्या, आणि ते हळूहळू, झेपेल तसं परत घ्या, असंही आहे. आमच्या कर्जाच्या हप्त्यांची आठवण झाल्याशिवाय राहिली नाही.

पण नुसत्या शपथेवर राज्य चालत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. त्यांची किल्ल्यांची व्यवस्था कशी होती ते कृष्णाजी अनंत सभासद यांनी लिहून ठेवलं आहे. सभासद महाराजांच्या दरबारातले. पुढं राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला त्यांनी बखर लिहिली. एकेका गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन अधिकारी, तिघंही सारख्या दर्जाचे. कारभार तिघांनी मिळून करायचा. शिवाय धान्यसामानासाठी कारखाननीस वेगळा, आणि जमाखर्च त्याच्या लिहिण्यात. एकाच्या हातात किल्ली, दुसऱ्याच्या हातात कागद. एकटा माणूस फितला तरी गड जात नाही आणि कोठारही जात नाही. हे अधिकारी वेगवेगळ्या जातींचे असावेत, म्हणजे सगळे एका घरचे होऊन बसणार नाहीत, हाही विचार त्यात होता. आजच्या कानांना हे कसंतरी वाटेल, पण 'अध्यक्ष एक घरची आणि सचिव तिचीच जाऊ' असे गट आपण सगळ्यांनी पाहिले आहेत.

घोडदळाचंही तसंच. पंचवीस सरकारी घोड्यांमागे एक हवालदार, आणि त्या पंचविसांसाठी एक पखालवाला आणि एक नालबंद. दसऱ्याला फौज मोहिमेवर निघाली की प्रत्येकाजवळ काय काय आहे त्याची यादी करायची. आठ महिने मुलूखगिरी करून पावसाळ्याआधी परतली की दारावर झडती. यादीपेक्षा जास्त काही सापडलं तर ते सरकारात जमा, नाहीतर पगारातून वळतं. मोहिमेवर बाई बरोबर न्यायची नाही आणि शत्रूच्या मुलखातल्या बायका-पोरांना धरायचं नाही, हेही नियम सभासद सांगतात.

या सगळ्याला पुढं रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात शब्द दिले. 1715-16 च्या सुमाराचा हा ग्रंथ. त्यातल्या दोनच गोष्टी सांगतो. दारूखाना घरांजवळ ठेवू नये, आणि दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदारानं स्वतः येऊन दारू, बाण बाहेर काढून उन्हं द्यावीत आणि परत शिक्का मारून ठेवावं. म्हणजे आपण पापड-कुरडया आणि डाळी उन्हात घालतो तसंच, फक्त वर मोहोर. दुसरी गोष्ट आरमाराच्या लाकडाची. गलबतं बांधायला झाडं लागतात, पण आंबा-फणसाची झाडं रयतेनं लेकरांसारखी वाढवलेली असतात, ती जोरानं तोडली तर तिच्या दुःखाला पार नाही. एखादं झाड अगदी जुनं झालं असेल तर मालकाला राजी करून, पैसे देऊन मगच तोडावं. सरकारी खरेदीच्या नियमांत आईपणाची उपमा आम्ही तरी दुसरीकडं वाचली नाही.

हे सगळं नेहमी असंच चाललं का? नाही चाललं. पेशवाईत सरदारांना पगाराऐवजी मुलूख तोडून दिला जाऊ लागला. त्याच्या उत्पन्नातून त्यांनी ठरलेली फौज ठेवायची. मग कागदावर जेवढे घोडे तेवढे तबेल्यात आहेत की नाहीत, हे कोण बघणार? त्यासाठी दरकदार असत, म्हणजे फडणीस, मुजुमदार, कारखाननीस वगैरे. मामलेदाराला त्यांना काढता येत नसे, ही त्यातली मोलाची गोष्ट. ज्याच्यावर नजर ठेवायची त्याच्याच हातात आपली नोकरी असली तर नजर कशी ठेवणार? पण फौजा दूर उत्तरेत गेल्या, आणि पुण्याची नजर तिथवर पोचेना.

पानिपतची मोहीम हे त्याचं मोठं उदाहरण. मार्च 1760 मध्ये सदाशिवरावभाऊ परतूडहून निघाले. लढणाऱ्यांबरोबर बाजारबुणगे, कुटुंबं आणि यात्रेकरू, सगळ्यांची तोंडं. पैशाची चणचण अशी की दिल्लीच्या किल्ल्यातल्या दिवाण-इ-खासचं चांदीचं छत उतरवून त्याचे रुपये पाडावे लागले. ऑक्टोबरात कुंजपुरा घेतला तेव्हा तिथं धान्य मिळालं आणि काही दिवस निभावले. त्यानंतर अब्दालीनं यमुना उतरून वाट अडवली. पानिपतच्या खंदकाआड मराठी फौज आणि तिच्याबरोबरच्या बायका-पोरं उपाशी बसली. 14 जानेवारी 1761 ला जी लढाई झाली ती उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू म्हणून झाली.

भाऊसाहेबांची पत्रं आहेत, गोविंदपंत बुंदेल्यांना लिहिलेली. उत्तरेतला मोठा मुलूख त्यांच्याकडं होता, पैसा आणि रसद त्यांनी पाठवायची होती. पत्रांत तगादा आहे, चीड आहे. मागचे हिशेबही थकलेले होते. गोविंदपंतांवर पैसे दाबल्याचा ठपका बसला तो अजून गेलेला नाही. पण तेच म्हातारे गोविंदपंत अब्दालीची रसद तोडायला यमुनेच्या पलीकडं गेले आणि डिसेंबर 1760 मध्ये तिथंच मारले गेले. मग त्यांना चोर म्हणायचं की काय म्हणायचं? आमच्या बैठकीत यावर बराच वाद झाला. आमचं मत असं पडलं की त्या काळी मामलेदार सरकारला आधी उचल द्यायचा आणि मग मुलखातून ती वसूल करायचा. त्या उचलीलाही रसदच म्हणत. कोण कोणाचं देणं लागतो हे वर्षानुवर्षं कोणी नीट मिटवलंच नाही. शांततेत हिशेब घेतला असता तर युद्धात एकमेकांवर संशय घ्यावा लागला नसता. किल्ली ठेवून गेलेली आमची मैत्रीण आम्हाला त्या वेळी आठवली.

जाता जाता आपल्या बाजूची एक आठवण. एप्रिल 1818 मध्ये पेशवाईच्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावांची पळती फौज आपल्या पांढरकवड्याजवळ शिवणीला इंग्रजांकडून हरली. पळत्या फौजेला कोठी नसते. ती जिथून जाते तिथल्या गावाचं खाते, मग ती कोणाचीही असो.

आता एकदम 1941 सालात येऊ, कारण तिथं आपल्या रोजच्या बोलण्यातला एक शब्द जन्माला आला. राशन दुकानाला आपल्याकडच्या म्हाताऱ्या अजून 'कंट्रोल' म्हणतात. दुसरं महायुद्ध चालू होतं. हिंदुस्थानातून लाखो सैनिकांसाठी कापड, बूट, तंबू, धान्य, लाकूड खरेदी होत होती. पैसा एवढा वाहू लागला की युद्धखात्याच्या आणि पुरवठाखात्याच्या खरेदीत लाचलुचपत बोकाळली. ठेकेदार हलका माल देऊन पूर्ण पैसे उचलायचे, अधिकारी डोळे मिटायचे. नेहमीच्या पोलिसांना हे झेपेना, म्हणून 1941 मध्ये सरकारनं खास याच कामासाठी वेगळं पोलीस दल काढलं, स्पेशल पोलीस एस्टॅब्लिशमेंट. युद्ध संपलं तरी लाच संपली नाही, म्हणून 1946 मध्ये त्या दलासाठी कायदा झाला, 1947 मध्ये भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा आला, आणि 1 एप्रिल 1963 ला त्याच दलातून सीबीआय उभी राहिली. टीव्हीवर जिच्या धाडी दाखवतात ती सीबीआय मुळात फौजेच्या पुरवठ्यातला चोर पकडायला जन्मली होती, हे आम्हालाही नवीन होतं.

फौजेच्या खरेदीत चोरी झाली तर गावच्या बाईचं काय जातं, असं कोणी म्हणेल. 1943 मध्ये बंगालात दुष्काळ पडला आणि लाखो माणसं मेली. युद्धाची खरेदी, साठेबाजी आणि सरकारची बेफिकिरी हे सगळं त्यामागं होतं. त्याच वर्षी मुंबईत धान्याचं रेशनिंग सुरू झालं आणि कापडावरही नियंत्रण आलं. पऱ्हाटी आपल्या वऱ्हाडातल्या वावरात, आणि लुगडं मात्र कंट्रोलमध्ये! पुढं 1955 चा जीवनावश्यक वस्तूंचा कायदा त्याच युद्धकाळच्या हुकुमांमधून आला.

आणि 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानं त्यात दोन-तीन गोष्टी आपल्या कामाच्या घातल्या. प्राधान्य कुटुंबातल्या माणशी महिन्याला 5 किलो, अंत्योदयच्या कार्डावर घराला 35 किलो. रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईचं नाव. दुकान देताना बचत गटांना प्राधान्य. आणि दुकानावर नजर ठेवायला दक्षता समिती, जिच्यात बाया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक हवेतच. आपल्या तालुक्यात कोलाम, गोंड, परधान घरं केवढी आहेत. तुमच्या गावच्या दक्षता समितीत कोण आहे, तिची बैठक शेवटची कधी झाली, हे पुढच्या ग्रामसभेत विचारून बघा. उत्तर नसलं तर ते वहीत लिहून घ्या, तारखेसकट.

आमच्या कोठीचं मग काय झालं, हे सांगायचं राहिलं. आम्ही वर्गणी काढून काटा घेतला. दोन महिन्यांनी किल्लीवाली बाई परत आली, पण तिनं अट घातली की किल्ली एकटीकडं राहणार नाही. आता दोन कुलपं आहेत, दोघींकडं, आणि वही तिसरीकडं. वही लिहिणारी कोठीत पाय ठेवत नाही, आणि किल्लीवाल्या वहीला हात लावत नाहीत. दर पंधरवड्याला तांदूळ उन्हात पसरतो, पोती झटकतो, उंदराची बिळं बुजवतो आणि परत मोजून ठेवतो.

नंतर पहिली गाडी आली तेव्हा गाडीवाल्यानं नेहमीसारखी घाई केली. आम्ही म्हटलं, दादा, बसा, चहा ठेवलाय. पोती एकेक करून काट्यावर चढली. दोन कमी भरली. तेवढं पावतीवर लिहिलं, मग तिघींनी सही केली, आणि चौथी सही त्याची घेतली. तो पावती वाचत थोडा वेळ उभा राहिला, चहा पिऊन पुढच्या गावाला गेला.